मास्तरांचं रविवारचं पान

ती केस विसरता आली असती तर मी आज लिहायला बसलो नसतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत कपाळावर दगड झेलला. त्यातलं बरंचसं आता धूसर झालं आहे. लालबागच्या एका चाळीतल्या इंग्रजीच्या मास्तरांना मी अटक केली, ते मात्र अजून जसंच्या तसं समोर येतं. पोलिसांच्या आठवणी बहुधा गुन्हेगार कसा सापडला याच्या असतात. ही आठवण तशी नाही. इथे गुन्हाच नव्हता, आणि ते मला वेळेत कळलंही होतं.

बारा वर्षांपूर्वी मी त्या भागातल्या पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. सोमवारची सकाळ होती. हजेरी संपली होती, ठाणे अंमलदार डायरी लिहीत होता, रविवारी उचललेल्या जुगाऱ्यांना कोर्टात न्यायची घाई चालली होती. अशा गडबडीत नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारे एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर आले आणि त्यांनी दोन कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी मांडले.

"साहेब, हा बघा आणि हा बघा. काय फरक दिसतो का?"

एक कागद छापील होता. एका शैक्षणिक ट्रस्टच्या परीक्षेचा पेपर, वर ट्रस्टचा शिक्का. मराठी शाळांतल्या सातवीच्या मुलांसाठी ही ट्रस्ट दरवर्षी इंग्रजीची परीक्षा घ्यायची. निवडलेल्या मुलांच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाचा भार ट्रस्ट उचलायची, म्हणून गिरणगावातल्या घरांत या परीक्षेचं मोठं अप्रूप होतं. परीक्षा शनिवारी झाली होती. दुसरा कागद हाताने लिहिलेल्या पानाची झेरॉक्स होती. लालबागच्या एका क्लासमध्ये ते पान त्याआधीच्या रविवारी मुलांना वाटलं होतं.

दोन्हींवर एकच शब्दकोडं होतं. सूचना मराठीत, भरायचे शब्द इंग्रजी. 'गुडघ्यात आहे, गाठीत आहे, सुरीत आहे, पण तोंड उघडत नाही. मी कोण?' उत्तर, के हे अक्षर; नी, नॉट आणि नाइफ लिहिताना ते येतं, बोलताना नाही. 'एक असो नाहीतर अख्खा कळप, माझं नाव बदलत नाही, लोकर मात्र देते.' शीप. 'तिघी बहिणींची शेवटची चार अक्षरं तीच, पण एकीचा सूर दुसरीला लागत नाही.' टफ, दो आणि थ्रू, तिन्हींच्या शेवटी ओ-यू-जी-एच. अशा दहा सूचना, शब्दाला शब्द त्याच.

"माझी पोरगी तीन महिने घासत होती," ते गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "हा क्लासवाला सगळं आधीच वाटून मोकळा! आम्ही काय येडे म्हणून लायनीत उभे राहतो?"

मी दोन्ही कागद खिडकीपाशी नेले. तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. कोड्याच्या आखणीत उजवीकडे खाली, अगदी कोपऱ्यात, एक चौकोन जास्तीचा होता. जाड रेघेचा, रिकामा. तो कोणत्याच शब्दात येत नव्हता. दोन्ही कागदांवर तो होता. मला आनंद झाला, हे कबूल करतो. नक्कल करणारा माणूस मूळ कागदातली चूकही उतरवतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पेपरात आखणीची चूक होती आणि क्लासवाल्याने ती चुकीसकट उतरवली होती. पेपर फुटला हे उघड होतं. आता प्रश्न एकच, फोडला कोणी?

ट्रस्टच्या सचिवांची फिर्याद घेतली, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि दुपारी दोन पंच घेऊन आम्ही लालबागच्या चाळीत, त्या क्लासवर गेलो.

मास्तर बहात्तर वर्षांचे होते. लालबागच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर. घरात ते आणि त्यांची अविवाहित मुलगी, ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला. बाहेरच्या खोलीत फळा आणि सतरंजी. तोच क्लास. आम्ही गेलो तेव्हा मास्तर भिंगातून वर्तमानपत्रातलं इंग्रजी कोडं सोडवत होते.

"या, बसा," ते म्हणाले. "चहा टाकायला सांगू?"

मी मूळ पान मागितलं. त्यांनी कपाटातून काढून दिलं. शाई ताजी होती.

"हे कधी लिहिलंत?"

"यंदाच. आधीचं घडीवर फाटलं, म्हणून पुन्हा उतरवून काढलं. दर वर्षी परीक्षेआधीच्या रविवारी हेच पान देतो मी. वर्षभराचं सगळं त्यात येतं."

"आधीचं कुठाय?"

"रद्दीत गेलं."

मी पंचांकडे बघून मान हलवली. ताजी शाई, मूळ गायब. पंचनाम्यात मी ते दोन्ही मुद्दे ठळक लिहून घेतले.

मास्तरांना ठाण्यावर आणलं. मी त्यांना हात लावला नाही. असं लिहून स्वतःला बरं म्हणवून घ्यायची सोय आम्हां पोलिसांना असते. मी त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं, एवढंच. सकाळी दहाला बोलवायचं, संध्याकाळी घरी सोडायचं, असे दोन दिवस. पण ठाण्यात कोण येतं? मोबाइल हरवलेला, पासपोर्टच्या चौकशीला आलेला, भाडेकरूची नोंद करायला आलेला. त्यातला प्रत्येक तिसरा माणूस मास्तरांच्या हाताखालून गेलेला. पहिल्या दिवशी लोक वाकून नमस्कार करत होते. "सर, तुम्ही इकडे कसे?" दुसऱ्या दिवशी बातमी पसरली होती. लोक त्यांच्यासमोरून भिंतीवरच्या सूचना वाचत जात होते. मास्तर त्यांना नावानिशी ओळखत होते, पण हाक मारत नव्हते.

आमचा एक हवालदार मुद्देमालाच्या पोचीचं इंग्रजी पत्र लिहीत होता, ट्रस्टला पाठवायला. रिसीट या शब्दावर तो अडला. मास्तर बाकावरून म्हणाले, "त्यात पी घाला. टीच्या आधी."

"पी कुठं ऐकू येतो, मास्तर?"

"येत नाही. मराठीत प्रत्येक अक्षर कामावर असतं. इंग्रजीत काही अक्षरं हजेरी लावतात आणि गप्प बसतात."

"आमच्या ठाण्यासारखंच की," हवालदार हसला आणि मग माझ्याकडे बघत म्हणाला, "नाहीतर तुमच्यासारखं. साहेब दोन दिवस विचारतायत, तुम्ही गप्प."

सगळे हसले. मास्तरही हसले. मी हसलो नाही, कारण मला पेपर देणाऱ्याचं नाव हवं होतं.

खरं तर ते गप्प नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी छापील पेपर पहिल्यांदा त्यांच्या हातात दिला. तोवर त्यांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांनी भिंग काढलं, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी निर्लज्जपणा समजलो. आज सांगतो, तो अभिमान होता.

"साहेब, तुम्ही उलटं बघताय," ते म्हणाले. "पेपरावरून पान झालेलं नाही. पानावरून पेपर झालाय."

"म्हणजे एवढ्या मोठ्या ट्रस्टने तुमच्या चाळीतल्या खोलीत येऊन नक्कल केली?"

"ट्रस्टने नाही. पेपर कोणीतरी माणूस काढतो ना?"

"कोण?"

"ते मला ठाऊक नाही. माझं एखादं पोर असेल. ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं. उगाच त्याच्या नोकरीवर यायचं."

मी टेबलावर हात आपटला. दोन दिवस मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत होतो, पेपर कोणी दिला? त्या कोपऱ्यातल्या चौकोनाचं प्रयोजन काय, हे मी एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं की ते मला माहीत आहे. ती आखणीतली चूक आहे, असं मी धरून चाललो होतो.

पेपर काढणाऱ्याचं नाव ट्रस्टमध्ये गोपनीय असे. सचिव म्हणाले, पेपर काढणारी व्यक्ती निष्कलंक आहे, आम्ही हमी देतो. मीही ताणलं नाही. ट्रस्टकडे शिक्का होता, लेटरहेड होतं, वातानुकूलित खोली होती. मास्तरांकडे सतरंजी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांना अटक केली. कोर्टाने एक दिवसाची पोलीस कोठडी दिली. मुलीने ठाण्यावर येऊन रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. अटकेच्याच संध्याकाळी मी वार्ताहरांना माहिती दिली, दोन्ही कागद हातात धरून फोटोही दिला. 'पेपर फोडणारे मास्तर गजाआड' अशी बातमी आली. आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी ती कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

साधारण दहा दिवसांनी दुपारी ठाण्यात एक बाई आल्या. बसच्या कंडक्टर, अंगावर खाकी गणवेश, खांद्याला पिशवी. त्या घोडपदेवच्या. त्यांनी सरळ विचारलं, "मास्तरांना पकडणारा कोण?"

हवालदार म्हणाला, "अहो बाई, जरा जपून. साहेब आहेत."

"बाई काय? ताई बोल. रोज गाडीभर माणसांना सांभाळते मी, तुझ्यासारखे छप्पन पाहिले." मग माझ्याकडे वळून, "साहेब, राग मानू नका, पण तुम्ही मोठा घोळ करून ठेवलात."

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पान काढलं. सायक्लोस्टाइल केलेलं, जांभळ्या शाईचं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. मी ते हातात घेतलं. तोच गुडघा, तीच गाठ, तीच सुरी. त्याच तिघी बहिणी. शब्द पेन्सिलने भरलेले होते, लहान मुलीच्या अक्षरात. आणि उजवीकडे खाली, कोपऱ्यातल्या जाड रेघेच्या चौकोनात, मराठीत एक अक्षर होतं. 'शु'.

"हे कधीचं?"

"मी सातवीत होते तेव्हाचं. आता माझी पोरगी कॉलेजात आहे, हिशेब तुम्हीच करा. आई वारली तेव्हा तिच्या ट्रंकेत मिळालं. तिला वाचता येत नव्हतं. पण हा 'शु' माझा, एवढं तिला ओळखू यायचं, म्हणून ठेवलेलं."

"हा चौकोन कशासाठी?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढं साधं मला ठाऊक नाही, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"तो आमचा ना! सगळं कोडं सुटलं की शेवटी तिथं आपलं पयलं अक्षर टाकायचं. सर बोलायचे, हा भरेपर्यंत पान माझं, भरलं की तुझं. कोण अडलं असलं आणि तसंच अक्षर टाकलं, की सर बरोब्बर पकडायचे. आमच्या क्लासातल्या कुठल्याही पोराला विचारा." मग त्यांनी पुढे झुकून विचारलं, "आता मला सांगा साहेब, परीक्षेच्या पेपरात ह्या चौकोनाचं काय काम? तिथं तर नंबर लिहितात."

हवालदाराने लिहायचं थांबवलं होतं.

मी ते पान पंचनामा करून मुद्देमालात घ्यायला हवं होतं. मी ते त्यांना परत दिलं आणि म्हणालो, "जपून ठेवा." त्यांना वाटलं मी भलेपणाने म्हणतोय. जाताना त्या म्हणाल्या, "सरांना सांगा, शुभी येऊन गेली." मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टमध्ये गेलो आणि सचिवांकडून पेपर काढणाऱ्या व्यक्तीचं नाव घेतलं. त्याच वर्षी पहिल्यांदा नेमलेल्या, दादरच्या एका शाळेतल्या पर्यवेक्षिका. मी साध्या कपड्यांत त्यांना भेटायला गेलो. शाळा सुटली होती. मी ओळख दिली, तशा त्या खुर्चीत बसल्या.

"मी लालबागचीच," त्या म्हणाल्या. "सरांच्याच क्लासची. पेपर काढायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, मला जे सगळ्यात चांगलं शिकवलं गेलं तेच मुलांना विचारावं. ते पान मला तोंडपाठ आहे. सर अजून क्लास घेतात, तेच पान देतात, हे मला माहीतच नव्हतं."

"आणि तो चौकोन?"

"हाताने पडला. मी आजही कोडं आखायला घेतलं की कोपऱ्यात तो आपोआप पडतो. पेपरात तो नको, हे छापून आल्यावरही लक्षात आलं नाही माझ्या. बातमीतला तुमचा फोटो बघितला तेव्हा आलं."

"मग सांगायला का आला नाहीत?"

"तुमच्या फाटकापर्यंत तीनदा आले. आत यायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्याचं पान स्वतःचं म्हणून पेपरात घातलं, हे बाहेर आलं की माझी नोकरी गेली." मग टेबलावरची पर्स उचलून म्हणाल्या, "आता तुम्ही आलाच आहात. चला. काय लिहून द्यायचं ते देते. कोर्टात उभं करा."

तिथेच, त्याच वेळी जबाब घेतला असता तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. पण वरिष्ठांशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नये, अशी आमची रीत. मी म्हणालो, "आज राहू द्या. लागलं तर बोलावतो."

वरिष्ठ निरीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मी म्हणालो, "सर, 'क' समरी पाठवू या. चूक झाली."

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. तपास संपून खटला भरायचा नसेल तर आम्ही कोर्टाला अंतिम अहवाल पाठवतो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा घडला, पण पुरावा मिळाला नाही. 'क' समरी म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला, मुळात गुन्हा घडलाच नाही. आरोपी दोन्हींत सुटतो. पण 'क'मध्ये तो निर्दोष म्हणून सुटतो आणि 'अ'मध्ये पोलिसांना पुरावा सापडला नाही म्हणून.

"कोणाची चूक?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"तुझी म्हणजे ठाण्याची. अरे, तू कागद हातात धरून फोटो दिलायस. उद्या त्या बाईंचा जबाब आला की ती बिचारी नोकरीतून जाणार, ट्रस्टची अब्रू जाणार आणि आपण पेपरात. तीन जणांचं वाटोळं कशाला करतोस? 'अ' टाक आणि मोकळा हो. म्हातारा सुटतोच आहे ना?"

म्हातारा सुटतोच आहे ना. मी या वाक्याला धरून बसलो, कारण ते खोटं नव्हतं. कोणी मला बढतीचं आमिष दाखवलं नाही, कोणी धमकी दिली नाही. लोक विचारतील, दबाव होता का? दबाव नव्हता. मी दमलेलो होतो, पुढच्या आठवड्यात बंदोबस्त होता आणि वरिष्ठांशी वाद नको होता. अहवाल मी माझ्या हाताने लिहिला. कंडक्टर ताईंच्या पानाचा उल्लेख नाही, पर्यवेक्षिकांचा उल्लेख नाही. 'गुन्हा खरा असून उपलब्ध पुरावा आरोपीविरुद्ध खटला चालवण्यास पुरेसा नाही.' त्या वाक्याखाली माझी सही आहे.

'गुन्हा खरा' असं पोलिसांनीच म्हटल्यावर ट्रस्टने त्या क्लासच्या मुलांचे निकाल रद्द केले. त्यानंतर मास्तर एकदा ठाण्यावर आले. या वेळी ते बाकावर बसले नाहीत, माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, माझं राहू द्या. माझं वय झालंय. पण मुलं घरी बसून रडतायत. त्यांनी काही केलेलं नाही, एवढं तुम्ही ट्रस्टला एका ओळीत लिहून द्या. तुम्हाला आता ठाऊक झालंय, मला कळतं."

"कशावरून?"

"तुम्ही माझ्याकडे बघत नाही."

मी कागद चाळत म्हणालो, "पाहतो, सर." पोलिसांच्या तोंडचा 'पाहतो' म्हणजे काय, हे त्या भागातल्या प्रत्येकाला कळायचं. त्यांनाही कळलं. ते नमस्कार करून गेले.

क्लास बंद पडला. चाळीतल्या लोकांनी मुलं पाठवायचं थांबवलं. 'पुराव्याअभावी सुटले' हे शब्द माणसाच्या दारावर पाटीसारखे लागतात. सहा वर्षांनी मास्तर गेले. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलो होतो. चाळीच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं त्यांचं नाव मी जाता जाता वाचलं आणि पुढे चालत राहिलो.

गेल्या वर्षी माझी हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात पडल्या पडल्या मी ठरवलं की हे दुरुस्त करायचं. घरी आल्यावर अर्ज लिहिला, की अमुक गुन्ह्याचा अंतिम अहवाल मी जाणूनबुजून चुकीचा पाठवला होता, तो बदलून मिळावा. ठाण्यातला नवा अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, रजिस्टर काढायला लावलं. मग संकोचून म्हणाला, "सर, ती फाइल जतन करायची मुदत संपली. नष्ट झाली. आता बदलणार काय? कागदच नाही."

म्हणजे मी लिहिलेलं खोटंही उरलं नव्हतं. ते फक्त लोकांच्या डोक्यात होतं, आणि तिथला अहवाल बदलायला कोणतं कोर्ट नाही.

मग मी मास्तरांच्या मुलीकडे गेलो. चाळ पुनर्विकासाला गेली, त्या आता शीवला राहतात, सातव्या मजल्यावर. त्यांनी मला लगेच ओळखलं. दार उघडं धरून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "आलाच आहात तर बसा."

मी सगळं सांगितलं. पान, चौकोन, कंडक्टर ताई, पर्यवेक्षिका, समरी. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. प्रयोगशाळेत काम केलेली माणसं ऐकतात तशा त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"अटकेनंतर दहा-अकरा दिवसांनी."

"म्हणजे अप्पा जिवंत होते ती सहा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"ते रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. कोणी येईल म्हणून. मुलं खालून जायची, वर बघायची नाहीत." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "त्यांना राग नव्हता हो तुमचा. तेच मला सहन व्हायचं नाही. मला आहे राग. आणि तो मी सोडणार नाही, हे आत्ताच सांगते."

मी म्हणालो, सोडू नका. मग विचारलं, "मी हे सगळं लिहून छापायला देतो. मास्तरांचं नाव घालून. लोकांना कळू दे."

"नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव एकदा छापलंत, तेवढं पुरे. लालबागेत ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल कोण ते. त्या पेपर काढणाऱ्या बाईंचंही घालू नका, तिला अजून पेन्शन खायचीय. नाव छापायचंच असेल तर तुमचं छापा."

त्यांनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. तेही बरोबर होतं.

या केसने मला काय शिकवलं, असं एखादा तरुण अधिकारी विचारेल तर सांगतो. दोन कागद सारखे निघाले की आपण आधी ठरवतो मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, आणि ते कागद बघून ठरवत नाही. कागद कोणाच्या घरातून आला ते बघून ठरवतो. शिक्का असेल ते मूळ, सतरंजीवरचं ते चोरलेलं. मूळ चाळीत असू शकतं आणि नक्कल ट्रस्टमध्ये, ही शक्यता माझ्या मनाला शिवलीच नाही. तपासातली ती चूक माणसाची होती, ती मी स्वतःला माफ करू शकलो असतो. त्यानंतर जे केलं ती चूक नव्हती. सगळं कळल्यावर थकव्याचं कारण पुढे करून गप्प बसणं ही निवड असते. रोज केलेली, सहा वर्षं केलेली.

म्हणून ज्यांनी ती बातमी वाचली होती आणि जे त्या गॅलरीखालून मान खाली घालून गेले, त्यांच्यासाठी तपास अधिकारी या नात्याने लिहून देतो. लालबागच्या मास्तरांनी पेपर फोडला नाही. पेपर फुटलाच नव्हता. त्यांच्या क्लासमधल्या एकाही मुलाने कसलीही लबाडी केली नव्हती. अटक मी केली, फोटो मी दिला, खोटा अहवाल मी लिहिला.

या लेखात दुसऱ्या कोणाचंही पूर्ण नाव नाही. माझं पूर्ण नाव आणि तेव्हाचा हुद्दा खाली ठळक अक्षरांत छापावा, असं संपादकांना कळवलं आहे.